आयटीपीवर सही केली आणि फसले

“मॅडम, काही नाही, फक्त फॉरमॅट बदललाय. ऑडिटवाल्यांना नवीन हवा होता.” एवढं बोलून ठेकेदाराच्या क्वालिटी इंजिनियरने चाळीस पानांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. वर छापलं होतं, ‘इन्स्पेक्शन अँड टेस्ट प्लॅन (आयटीपी), रिव्हिजन २’. मी पहिलं पान वाचलं, मधल्या पानांवर आद्याक्षरं टाकली, शेवटी सही केली. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. लोकांच्या वह्यांतला एका आकड्याचा फरक शोधायचे मला पैसे मिळतात. स्वतःच्या इमारतीच्या कागदांना मात्र मी दहा मिनिटंही दिली नाहीत.

इमारत तीन मजली, मी आणि दादा मिळून बांधायला घेतलेली. दादा परगावी, त्यामुळे साइट माझ्याकडे. स्ट्रक्चरल कन्सल्टंट नकाशे देऊन मोकळे झाले होते. साइटवर येणं त्यांच्या करारातच नव्हतं. तिथे आम्ही पैसे वाचवले, असं तेव्हा वाटलं होतं.

आयटीपी म्हणजे मुळात एक तक्ता असतो. प्रत्येक ओळीत एक काम: सळई बांधणं, शटरिंग, काँक्रीट ओतणं, क्युरिंग, वॉटरप्रूफिंग. पुढच्या रकान्यांत ते कशाप्रमाणे तपासायचं, किती वेळा तपासायचं, कोणता आकडा आला तर पास, नोंद कुठे ठेवायची. आणि शेवटी छोटे रकाने असतात, ठेकेदार, सल्लागार आणि मालक यांचे. त्यांत एकेक अक्षर. ‘एच’ म्हणजे होल्ड पॉइंट: तुमची लेखी परवानगी मिळेपर्यंत पुढचं काम बंद. ‘डब्ल्यू’ म्हणजे विटनेस पॉइंट: तुम्हाला कळवायचं, तुम्ही आलात तर ठीक, नाही आलात तर काम पुढे. ‘आर’ म्हणजे नंतर फक्त कागद बघायचे. माझी फसवणूक याच अक्षरांत झाली. सिमेंट, सळई वगैरे सगळं त्याच्या मागून आलं.

रिव्हिजन १ चोख होती. ठेकेदाराने टेंडरच्या वेळी स्वतःहून आणली, सोबत आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट. (ते सर्टिफिकेट कामाची व्यवस्था कशी आहे याबद्दल असतं, तुमच्या स्लॅबबद्दल नाही, हे मला फार उशिरा समजलं.) पायाच्या कामात त्यांनी प्रत्येक होल्ड पॉइंट अक्षरशः पाळला. एकदा मला यायला दोन तास उशीर झाला, तर काँक्रीटची गाडी गेटवर उभी ठेवली. “तुमची सही नाही तर माल नाही, मॅडम.” दादाला फोन करून मी किती कौतुक केलं! आज वाटतं, ते दोन तास म्हणजे ठेकेदाराची गुंतवणूकच होती. प्लिंथ झाली, माझा विश्वास बसला, आणि मग रिव्हिजन २ आली.

दोन्ही रिव्हिजन शेजारी ठेवून वाचल्या त्या नंतर, सगळं उघडकीला आल्यावर. सळई तपासणी, शटरिंग आणि काँक्रीट ओतणं, या तीन ओळींत माझ्या रकान्यातला एच जाऊन डब्ल्यू आला होता. काँक्रीट किती पातळ आहे ते बघायच्या स्लम्प चाचणीच्या ओळीत ‘प्रत्येक गाडी’च्या जागी ‘दिवसाची पहिली गाडी’. पास-नापासाच्या रकान्यात आधी ‘१०० मिमी, अधिक-उणे २५’ असं होतं. आता ‘मंजूर पद्धतीनुसार’. ही मंजूर पद्धत कुठली, ती कुठेच जोडलेली नव्हती. क्यूब, म्हणजे चाचणीसाठीचे काँक्रीटचे ठोकळे, ‘मालकाच्या प्रतिनिधीसमोर भरावेत’ हे वाक्य गायब. आणि हे सगळं कुठेही ठळक न करता. बदलांची नोंद करायचा एक रकाना पहिल्या पानावर होता, त्यात लिहिलं होतं: ‘मांडणीत सुधारणा’.

विटनेस पॉइंटची नोटीस २४ तास आधी द्यायची असा नियम. ती त्यांनी दर वेळी दिली, म्हणजे ईमेल केली, करारात लिहिलेल्या पत्त्यावर. करारात पत्ता दादाचा होता, जुना, जो तो महिन्यातून एकदा उघडायचा. त्यातल्या बऱ्याच मेल रात्री अकरानंतर गेलेल्या. फॉर्मवर मात्र सुवाच्य अक्षरात: ‘नोटीस दिली. मालकातर्फे कोणी हजर नाही. काम सुरू.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, हे विशेष.

मी रोज सकाळी साइटवर जात होते, तरी हे कसं सुटलं, असं दादा अजून विचारतो. उत्तर मुकादमानेच दिलं, पुढे, जेव्हा त्याचीही मजुरी थकली तेव्हा. “ताई, तुम्ही सकाळी येता. माल रात्रीच पडतो.” सकाळी मला ओलं काँक्रीट आणि वर पाणी मारणारा माणूस दिसायचा. सळया झाकल्या गेल्या की खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत की नाहीत हे कोणाच्या बापाला दिसणार? फाइलमध्ये फोटो होते, भरपूर होते. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबच्या सळयांच्या फोटोंत एकाच कोपऱ्यात एकच फुटका निळा ड्रम आहे, त्याची भेगसुद्धा तीच, हे मी माझ्या भाचीने दाखवल्यावर पाहिलं.

आता क्यूबकडे येते, कारण त्यावरच मी सर्वांत जास्त विसंबून होते. १५० मिमीचा काँक्रीटचा ठोकळा, पाण्यात ठेवतात, ७ आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. आमचं काँक्रीट ३० ग्रेडचं, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन. पहिल्या मजल्याचे क्यूब ३८ च्या आसपास आले. मी खूश. रनिंग बिल, म्हणजे काम होईल तसं द्यायचं बिल, असं ठरलं होतं की आयटीपीची फाइल पूर्ण असेल तरच पैसे द्यायचे. फाइल पूर्ण होती, मी चेक देत गेले.

दुसऱ्या मजल्याचा रिपोर्ट आला तेव्हा मी काही शोधत नव्हते. हात सवयीने कॅल्क्युलेटरकडे गेला, इतकंच. रिपोर्टमध्ये प्रत्येक क्यूबपुढे दोन आकडे असतात: किती भाराला फुटला आणि ताकद किती. १५० गुणिले १५० म्हणजे २२,५०० चौरस मिलिमीटर. भाराला याने भागलं की ताकद. इतकं सोपं गणित, शाळेतलं. पहिला क्यूब: भार ५४० किलोन्यूटन, ताकद ३३.८. मी भागलं, आलं २४. दुसरा ५५५ ला ३४.२ लिहिलेलं, येतात २४.७. तिसरा ५३० ला ३३.५, येतात २३.६. मला वाटलं माझंच काही चुकतंय. पहिल्या मजल्याचा रिपोर्ट काढून भागून बघितला, तो पैशापर्यंत जुळला. मग चुकलं कुठे?

मी ठेकेदाराला काही न विचारता थेट प्रयोगशाळेत गेले, रिपोर्ट क्रमांक सांगून त्यांच्याकडची प्रत मागितली. त्यांच्या प्रतीत ताकद २४, २४.७, २३.६. शेवटचा रकाना ठेकेदाराच्या ऑफिसात पीडीएफवर बदलला गेला होता, आणि बदलणाऱ्याला भाराचा रकाना बदलायचं सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेचा यात काही दोष नाही. रिपोर्ट ठेकेदारामार्फत घ्यायला तयार झाले ही चूक माझी; ‘मॅडम, तुम्हाला हेलपाटा कशाला’ असं म्हणून त्यांनी तो रस्ता मला सोयीचा करून दिला होता.

पण मग पहिल्या मजल्याचे क्यूब खरोखरच ३८ ला कसे फुटले? ते आकडे तर जुळत होते. हे मुकादमाने सांगितलं. क्यूब गाडीच्या मालातून भरतच नव्हते. बाजूला घमेल्यात जास्त सिमेंट घालून वेगळा माल कालवायचा, त्याचे क्यूब नीट ठोकून भरायचे. तो माल कालवणारा पोरगा दुसऱ्या मजल्याच्या रात्री आजारी होता. बदली माणसाने, कोणी काही सांगितलं नसल्यामुळे, गाडीच्याच मालाचे क्यूब भरले. साऱ्या इमारतीतले तेवढेच प्रामाणिक क्यूब. ते नापास झाले म्हणून पीडीएफ बदलावी लागली, आणि पीडीएफ बदलली म्हणून मी हे पकडू शकले. तो पोरगा धडधाकट असता तर आज मी त्या इमारतीत राहत असते.

माल इतका कच्चा का पडला, याचं कारण साधं: पाणी. जाड काँक्रीट रात्री थोड्या माणसांत पसरवायचं म्हणजे कष्ट. मग ड्रायव्हरला सांगून ड्रममध्ये पाणी सोडायचं, माल खिरीसारखा वाहतो. सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढलं की ताकद घटते हे डफ एब्रम्सने १९१८ मध्येच दाखवून ठेवलंय. कुठलाही मुकादम हे जाणतो. स्लम्पचा शंकू याचसाठी असतो, ३०० मिमी उंचीचा, माल भरून उचलला की ढीग किती खचतो ते मोजायचं. पण रिव्हिजन २ प्रमाणे स्लम्प फक्त पहिल्या गाडीचा, आणि तोही पाणी सोडण्याआधी घेतलेला. नोंदीत प्रत्येक तारखेला १०० मिमी. इतक्या तारखांना एकही ९० नाही, एकही ११० नाही. हिशेबाच्या वहीत असं दिसतं तेव्हा मी लगेच पेन्सिल उचलते.

कन्सल्टंटना हातापाया पडून बोलावलं, या वेळी फी देऊन. त्यांनी आधी श्मिट हॅमर मारून पाहिला, पण लगेच म्हणाले, हा पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, यावर भांडता येणार नाही, कोर काढा, म्हणजे स्लॅबमधून काँक्रीटचे गोल तुकडे कापून तपासा. पहिल्या मजल्याच्या स्लॅबमधून तीन कोर काढले. सर्वसाधारण संकेत असा की तिन्हींची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही ७५ टक्क्यांखाली नको; म्हणजे आमच्यासाठी २५.५ आणि २२.५. आमचे आले २१.९, २३.१ आणि १९.८. याच स्लॅबचे क्यूब कागदावर ३८ होते. सळईवर काँक्रीटचा थर किती ते मोजणारा कव्हर मीटर फिरवल्यावर खालच्या सळईवर २० मिमीच्या जागी कुठे १०, कुठे ८.

ठेकेदाराचं उत्तर दोन ओळींचं होतं. ‘काम आपण स्वाक्षरी केलेल्या आयटीपी रिव्हिजन २ नुसारच झाले आहे. सर्व विटनेस पॉइंट्सची नोटीस वेळेत दिली होती.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात थरथरले होते. दुसऱ्यांदा वाचल्यावर दिसलं, यात पीडीएफचा उल्लेख नाही. आमच्या वकिलांचंही मत तेच: रात्रीचा माल, कव्हर, स्लम्प यावर वर्षानुवर्षं वाद चालेल, बदललेला रिपोर्ट हा एकच कागद असा आहे ज्यावर माझी सही आड येत नाही. मुकादम लवादासमोर बोलायला तयार नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. पोटाचा प्रश्न आहे. रिटेन्शनची, म्हणजे बिलांतून राखून ठेवलेली रक्कम रोखून धरलीय, ती झालेल्या नुकसानीपुढे चिमूटभर. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब तोडून काढला. पहिल्याखाली लोखंडी गर्डर टाकून तो वाचवलाय, छताची उंची गेली.

“तू रिव्हिजन वाचायला हवी होतीस,” दादा म्हणाला. “तू मेल उघडायला हवी होतीस,” मी म्हणाले. त्यानंतर आठवडाभर आम्ही बोललो नाही.

आता नवा ठेकेदार आहे. या वेळी करारातच घातलंय की कुठल्याही ओळीतलं अक्षर बदलायचं तर जुनी आणि नवी ओळ एकाखाली एक लिहून द्यायची, आणि होल्ड पॉइंट सोडायचा अधिकार नाव लिहून एकाच माणसाला, कन्सल्टंटना. नोटीस तिघांना, फोनवरही. क्यूब भरताना मी ओल्या मालात माझ्या सहीची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरून दाबते, तिचं टोक बाहेर दिसेल असं. कन्सल्टंट म्हणाले चिठ्ठी लहान ठेवा, कोपऱ्यात ठेवा, नाहीतर क्यूबच त्यामुळे फुटायचा. रिपोर्ट प्रयोगशाळेतून थेट माझ्याकडे येतो. साइटवरची पोरं मला पाठीमागे ‘चिठ्ठीवाली मॅडम’ म्हणतात, ते माझ्या कानावर आलंय.

परवा नव्या क्वालिटी इंजिनियरचा फोन आला. पोरगा चांगला वाटतो, अदबीने बोलतो. “मॅडम, आयटीपीची रिव्हिजन १ पाठवतोय, विशेष काही नाही, दोन-तीन ठिकाणी मांडणी बदललीय.” मी म्हटलं, छापूनच पाठवा, आणि जुनी प्रतही सोबत द्या. काल रात्री दोन्ही प्रती टेबलावर पसरून, पट्टी धरून ओळ न् ओळ वाचली. खरंच फक्त मांडणी बदलली होती. तरी मी दुसऱ्यांदा वाचली.