भीमबेटका की उसगाळीमळ? आदिमानवाची चित्रं पाहायला आधी कुठे जावं

हिवाळ्यात जोडून सुट्टी आली की ओळखीचं कुणीतरी विचारतंच: आदिमानवाच्या गुहा, चित्रं बघायची आहेत, जरा चालणंही व्हायला हवं, कुठे जाऊ? माझ्या डोळ्यांसमोर दोन जागा येतात. एक मध्य प्रदेशातलं भीमबेटका, दुसरी गोव्यात सांगे तालुक्यातलं कुशावती नदीकाठचं उसगाळीमळ. दोन्हीकडे मी दोन-दोनदा जाऊन आले आहे, एकदा आई आणि मुलाला घेऊन, एकदा एकटी. ‘दोन्ही बघा’ हे उत्तर हातात एकच सुट्टी असलेल्याच्या कामाचं नाही. म्हणून आधीच सांगते: पहिल्यांदाच जात असाल तर भीमबेटका, उसगाळीमळ त्यानंतर. सोयींचा भाग त्यात आहेच, पण खरं कारण डोळा तयार होण्याचं आहे.

प्रवासाचं थोडक्यात. पुण्याहून झेलम, मुंबईहून पंजाब मेल, दोन्ही गाड्या भोपाळवरून जातात. भोपाळहून भीमबेटका साधारण ४५ किलोमीटर, नर्मदापुरमच्या रस्त्यावर ओबेदुल्लागंज मागे टाकलं की थोडं पुढे. गोव्यात मडगावला उतरायचं, केपे-तिळामळ करत रिवणला यायचं आणि तिथून आणखी पाच-सहा किलोमीटर. भोपाळहून दिवसभरासाठी गाडी ठरवणं सोपं जातं. रिवणच्या बाजूला बसच्या भरवशावर राहू नका, स्वतःची गाडी किंवा भाड्याची दुचाकी हवी.

चालण्याच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. भीमबेटक्याच्या परिसरात शैलाश्रय, म्हणजे खडकांचे आडोसे, शेकड्यांनी आहेत, पण आपल्याला पाहता येतात ते पंधरा, आणि ते सगळे एका बांधलेल्या पायवाटेवर ओळीने येतात. भोवती रातापाणीचं जंगल, वर वालुकाश्माचे उभे कडे. वाट सोपी आहे. माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे, तरी ती मधेमधे बसत दीड-दोन तासांत सगळं बघून आली. ज्यांना दिवसभर पाय मोकळे करायचे आहेत त्यांना मात्र हे चालणं कमी वाटेल. चालण्याची खरी हौस कुशावतीकाठी भागते. रिवणला गाडी लावायची, पांडवांच्या गुंफा बघायच्या आणि झाडीतल्या रस्त्याने, कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या सावलीतून उसगाळीमळपर्यंत पायी जायचं. शेवटचा टप्पा नदीकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेचा. जाऊन-येऊन अर्धा दिवस सहज जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण त्यात बऱ्याच जणांची गल्लत होते. रिवणच्या गुंफा आदिमानवाच्या नाहीत. जांभ्यात माणसाने कोरलेल्या त्या गुंफा आहेत, बौद्ध भिक्षूंच्या मानल्या जातात. गावाचं नाव ‘ऋषिवन’वरून आलं असं लोक सांगतात. वाकून आत शिरावं लागतं, विजेरी जवळ हवीच, आणि अंगाला गार, ओलसर हवा लागते ती लक्षात राहते. जागा फार सुंदर आहे, पण तिचं वय ऐतिहासिक काळातलं. भीमबेटक्याचे आसरे कुणी कोरलेले नाहीत. वारा-पाण्याने झिजून झालेले ते खडकांचे आडोसे आहेत आणि माणूस त्यांच्यात येऊन राहिला. लेणं आणि आसरा यांतला हा फरक मुलांना तिथे उभं राहून दाखवता आला तर सहलीचं निम्मं काम झालं.

आता चित्रांकडे. भीमबेटक्याला चित्र तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा डोक्यावर असतं. लाल आणि पांढरा हे मुख्य रंग, लाल म्हणजे गेरू. ‘झू रॉक’ म्हणतात त्या खडकासमोर उभं राहिलं की आधी नुसता डागांचा गोंधळ दिसतो. दोन मिनिटं थांबा. मग एक हरीण सुटं होतं, त्याच्या पोटातून दुसऱ्या काळातल्या प्राण्याची रेघ गेलेली दिसते, आणि वर आणखी कुणीतरी हत्ती-घोडे काढलेले. एकाच भिंतीवर हजारो वर्षं माणसं चित्रावर चित्र काढत गेली. कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे ओळखायची एक मुख्य खूण हीच: कुठली रेघ कुणाच्या वर आहे. माझ्या मुलाला हे कळलं तेव्हा तो तिथून हलायला तयार होईना. पंधराव्या आसऱ्यातला शिंगवाला अजस्र रानडुकरासारखा प्राणी आणि त्याच्यापुढे पळणारा चिमुकला माणूसही चुकवू नका.

या जागेशी मराठी माणसाचं नातंही आहे. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर रेल्वेने जात असताना त्यांना खिडकीतून हे खडक दिसले, युरोपातले चित्रांचे आसरे आठवले, आणि ते शोध घेत इथे पोचले. नीमचला जन्मलेले, उज्जैनला काम केलेले वाकणकर आपल्याकडे हरिभाऊ म्हणून ओळखले जातात. पुढे सत्तरच्या दशकात त्यांनी इथे उत्खनन केलं, तसंच पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनीही. मिश्रांच्या खणात तळाशी अश्युलियन, म्हणजे पुराश्मयुगाच्या सुरुवातीच्या पद्धतीच्या दगडी हातकुऱ्हाडी आणि वर येत येत मध्याश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं, असे थरावर थर मिळाले. म्हणजे इथे वस्तीचा क्रम जमिनीत पुरावा म्हणून आहे. २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नाव घेतलं.

पुराव्याची शिस्त म्हणजे काय, हेही याच जागी शिकायला मिळतं. २०२१ मध्ये ‘ऑडिटोरियम’ गुहेच्या छतावरचा एक ठसा डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जिवाचा जीवाश्म असल्याचं जाहीर झालं, सगळीकडे बातम्या आल्या. २०२३ पर्यंत दुसऱ्या अभ्यासकांनी तपासून दाखवलं की तो मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा डाग आहे. आज त्या छतांवर आग्या माश्यांची पोळी लटकताना दिसतात, त्यामुळे हे लगेच पटतं. पोळी दिसली की आवाज कमी ठेवा आणि अत्तर लावून जाऊ नका.

त्याच ‘ऑडिटोरियम’मध्ये खडकात ठोकून केलेले वाटीएवढे खळगे आहेत. बहुतेक जण त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात, तुम्ही थांबा. काही अभ्यासक त्यांचं वय लाखभर वर्षांहूनही मागे नेतात. दगडाने दगड ठोकायचा, पुन्हा पुन्हा, ठरवून: हीच क्रिया उसगाळीमळला तुमच्या पायाखाली पसरलेली आहे, म्हणूनच मी आधी भीमबेटका म्हणते.

उसगाळीमळला रंग नाही, भिंत नाही. नदीलगतच्या जांभ्याच्या सपाट कातळावर खाचा आहेत, शंभराहून जास्त आकृत्या. पहिल्यांदा गेले तेव्हा मी भर दुपारी बारा वाजता पोचले. ऊन डोक्यावर, कातळ सगळा एकसारखा तांबडा. वाटेत चित्रां खंय आसात म्हणून विचारलेल्या आजी सोबत आल्या होत्या. त्यांनी बोट खाली करून दाखवलं तेव्हा कळलं, मी बैलाच्या पाठीवरच उभी होते. दुसऱ्या वेळी सकाळी आठच्या आत गेले. तिरपं ऊन, प्रत्येक खाचेच्या एका काठाला सावली, आणि तोच बैल वशिंडासकट उठून आला. शेजारी हरीण, मोर, एक नाचरी आकृती, आणि एकात एक गोल खाचांचा चक्रव्यूह. त्याच्या कडेला बसून बोटाने हवेत वाट काढायला लागलं की वेळेचं भान राहत नाही. खाचेचा काठ इतका गुळगुळीत झिजला आहे की बघतानाच हात पुढे जातो. तो आवरा.

पुरातत्त्व खात्याला ही जागा १९९३ मध्ये कळली. गावकऱ्यांना ती आधीपासून माहीत होती, गुराख्यांनी वेळ घालवायला काढलेली चित्रं म्हणून. वयाबद्दल मात्र एकमत नाही. उघड्या जांभ्यावर खणायला थरच नाहीत, त्यामुळे शैलीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि ते अंदाज पुराश्मयुगाच्या अखेरीपासून नवाश्मयुगाच्याही पुढे असे हजारो वर्षांच्या अंतराने पसरले आहेत. ज्याला ठाम आकडा हवा आहे त्याची इथे निराशा होईल. मला ही अनिश्चितता जड वाटत नाही, पण मुलांना आधी सांगून ठेवावं.

ऋतूचा निकाल सोपा आहे. पावसाळ्यात कुशावती फुगली की कातळ पाण्याखाली, गाळाखाली जातो, तेव्हा गोव्याचा बेत नको. भीमबेटक्याची चित्रं आडोशाला असल्याने पावसातही दिसतात, आणि श्रावणातलं ते जंगल फार छान असतं. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे दगड तापतो. उसगाळीमळसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर.

सिंधुदुर्ग, कोल्हापूर किंवा बेळगावकडे राहत असाल तर माझा क्रम उलटा करायला हरकत नाही, भोपाळपेक्षा मडगाव कितीतरी जवळ. रत्नागिरीकरांनी तर आधी घराजवळचं बघावं: बारसू, देवाचे गोठणे, कशेळीचा तो अवाढव्य हत्ती. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणच्या नऊ कातळशिल्प-स्थळांत सात रत्नागिरीची, एक सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि एक गोव्यातलं हेच. सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट माळरान चालायची सवय असलेल्याला उसगाळीमळला डोळा तयार करावा लागत नाही.

दोन्हीकडे एकच विनंती. भीमबेटक्याला रंग उजळून दिसावा म्हणून चित्रावर पाणी मारू नका, कुणी मारत असेल तर थांबवा. उसगाळीमळला फोटोसाठी खाचेत खडू किंवा चुना भरू नका. कोरडी पानं, माती हलक्या हाताने बाजूला केली की पुरतं. आणि भोपाळला जाताना इटारसी ते भोपाळ हा टप्पा उजेडी येईल अशी गाडी निवडा, खिडकीजवळची जागा मुलाला द्या.