खारीवाल्याच्या स्प्लेंडरला मागचे नवे शॉकअप

गाडी २००३ची हिरो होंडा स्प्लेंडर, आणि पूर्णपणे कामाची. मागच्या सीटवर फळी, दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, डब्यांत खारी, टोस्ट आणि नानकटाई. हडपसरला माल भरायचा, दिवे घाट चढायचा आणि सासवड, नारायणपूर, परिंचे, वीर अशी गावं घेत टपऱ्यांवर माल टाकत जायचं. टोस्टला रस्त्याचं काही वाटत नाही. खारीला वाटतं. शॉकअप गेला की डब्याच्या तळाशी चुरा साचतो, आणि चुऱ्याचे पैसे कुठलाच टपरीवाला देत नाही. त्यामुळे मी शॉकअप जोखतो तो या चुऱ्यावर. हौसेने लेह-लडाखला जाणाऱ्यांनी आपला हिशेब वेगळा करावा.

जुनी जोडी गेली हे कळायला फिटर लागत नव्हता. शॉकअपच्या आत-बाहेर होणाऱ्या दांड्यावर तेल पाझरून त्यावर धूळ बसलेली, काळी चिकट कड झालेली. गतिरोधक ओलांडला की गाडी मागून दोन-तीनदा झुलायची. स्प्रिंग फक्त वजन पेलते, तिचं झुलणं थांबवायचं काम आतल्या तेलाचं. तेल गळून गेलं की उरते नुसती स्प्रिंग.

तरी माझ्या फिटरने लगेच शॉकअपला हात लावला नाही. म्हणाला, "भाऊ, आधी चिमटा बघू." चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दुहेरी दांडा. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि आडवं हलवलं. टक्‌ टक्‌. चिमट्याचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरी अस्तरं, खाल्लेले. घाटातल्या वळणावर गाडी मागून सरकल्यासारखी वाटायची ती यामुळे, आणि मी सगळा दोष शॉकअपला देत होतो. बुश शॉकअपच्या मानाने किरकोळ पैशात होतात. ते तसेच ठेवून वर नवे शॉकअप लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरेदी पुण्याच्या नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात. पहिल्या दुकानात लोकल जोडी दाखवली, निम्म्या भावात, वर भरपूर क्रोम. अशा वेळी एक करायचं: शॉकअप जमिनीवर उभा धरायचा, अंगाचं वजन टाकून दाबायचा आणि सोडायचा. चांगला शॉकअप वर येताना रेंगाळतो, कोणीतरी आतून धरून ठेवल्यासारखा. हा सोडल्या सोडल्या टुणकन वर. आत तेल असेलही, काम मात्र करत नव्हतं.

दुसऱ्या दुकानातला पोरगा गॅसच्याच, म्हणजे तेलासोबत दाबाखाली नायट्रोजन भरलेल्या शॉकअपच्या मागे लागला. "शेठ, पल्सरचे टाका, गाडीला लूक येईल." लूक येईल, खारीचं काय? पल्सर १५० भरते १४० किलोच्या वर, माझी गाडी ११०च्या आसपास. जड गाडीसाठी बेतलेली स्प्रिंग हलक्या गाडीला लावली की ती खड्ड्यात दबतच नाही, धक्का तसाच वर येतो. गॅस वाईट असं नाही. खराब रस्त्यावर सतत जोरात पळवलं की तेलात हवा मिसळून फेस होतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजनचा दाब तो फेस होऊ देत नाही. पण डबे लादून चाळिशीने जाणाऱ्याला कसला आलाय फेस!

त्याहून मोठी भानगड लांबीची. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. जुन्या जोडीचं माप लिहून न्या आणि तेवढंच घ्या. शॉकअप लांब झाला की मागची बाजू उचलते, मधल्या स्टँडवर चाक जमिनीला टेकायला लागतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्तच कलते. दोन भरलेले डबे लावून कललेली गाडी टपरीसमोर आडवी झाली, तर चुरा सोडाच, अख्खा डबा गेला.

शेवटी घेतली गॅब्रिएलची, स्प्लेंडरसाठीचीच, साधी तेलाची जोडी. दोन हजारांच्या आत बसली. चाकण, नाशिकला यांचे कारखाने आहेत, बहुतेक दुकानांत माल असतो. हिरोचे ओरिजिनल घेतले तरी चालतील, मला त्या दिवशी ते महाग वाटले. बिल मात्र मागून घ्या. नाना पेठेत नुसत्या खोक्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

बसवताना एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे दुसरी बाजू चिमटा धरून ठेवते. डावीकडे चेनकव्हरला स्प्रिंग घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून आणि गाडी दाबून बघावं. वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत.

आता पायऱ्यांचं कडं, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाचं, फिरवून पायरी-पायरीने स्प्रिंग आवळायचं कडं. बरेच जण म्हणतात, वर घेतलं की शॉकअप कडक होतो. स्प्रिंग तीच राहते. गाडी मागून उचलते आणि ओझ्याखाली बसायला जागा उरते. माझं साधं माप: चाक अधांतरी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत टेप लावायचा, मग डबे चढवून, स्वतः बसून, दुसऱ्याकडून परत मोजून घ्यायचं. फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या, म्हणजे चाक जेवढं वर-खाली होऊ शकतं त्याच्या, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असला की जमलं. दोन्ही बाजूंना पायरी सारखीच हवी, नाहीतर चिमट्याला पीळ बसतो. वीरहून रिकामं परतताना वरच्या पायरीवर पाठ बोलायला लागते, पण तो शॉकअपचा दोष नाही. कडं फिरवायचा सी-पाना डब्यात टाकून ठेवलाय. शेवटच्या टपरीवर चहा येईपर्यंत एक पायरी खाली होते.

चुरा पार थांबला नाही, परिंच्याच्या पुढचा रस्ता बघता थांबणारही नाही. पण आधी ओंजळभर निघायचा, तो आता चिमूटभर. गतिरोधकानंतर गाडी एकदाच बसते आणि गप्प होते. बायको मागे बसली तर पूर्वी कमरेला हात लावून उतरायची, आता जेजुरीपर्यंत तक्रार नाही. जोडीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो भावाचा. गाडी फक्त एकट्याने ऑफिसला नेत असाल आणि जुन्या शॉकअपमधून तेल गळत नसेल, तर नुसते चिमट्याचे आणि शॉकअपचे रबरी बुश बदलून बघा.