कार फ्रिज घेताना: पेल्टियर, कॉम्प्रेसर की साधा आइसबॉक्स?

सकाळी सहाला भरलेला डबा दुपारी दोनला उघडायचा, तर मधले आठ तास तो किती अंशांवर होता यावर सगळं अवलंबून असतं. शिजवलेलं अन्न, दूध, अंडी, कापलेली फळं ५ अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवीत, नाहीतर ६० अंशांच्या वर. मधल्या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. तिथे अन्न एकूण दोन तासांहून जास्त राहू नये, आणि भोवतालचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून जास्त नाही. प्रवासातल्या कूलरची पारख याच कसोटीवर करायला हवी. या कसोटीवर दुकानात सगळ्यात सहज मिळणारा प्रकार, म्हणजे पेल्टियर, नापास होतो, हे आधीच सांगून टाकतो.

‘कार फ्रिज’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. दोन्हींना तोच १२ व्होल्टचा प्लग, तसंच झाकण, तसाच पट्टा. ओळखायचं कसं? माहितीच्या लेबलवर गॅसचं नाव (आर१३४ए किंवा आर६००ए) असेल तर तो कॉम्प्रेसरचा. ‘बाहेरच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंश कमी’ अशी भाषा असेल आणि एकाच बटणावर गरम-थंड दोन्ही असेल तर तो पेल्टियर कूलर. वजनावरूनही कळतं. रिकामा असताना एका हाताने सहज उचलता येणारा वीस लिटरचा डबा बहुधा पेल्टियरचाच.

पेल्टियर परिणाम १८३४ साली सापडला. दोन वेगळ्या पदार्थांच्या जोडातून वीज वाहिली की एक बाजू थंड होते आणि दुसरी गरम. कूलरमध्ये अशी एक चपटी चकती असते, तिच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पात्या आणि पंखे. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, डबा तिरका झाला तरी बिघाड नाही. हे गुण खरे आहेत. अडचण पुढे येते. बाहेर २२ अंश असतील तर आत ४ ते ५ अंश मिळतात आणि काम होतं. उन्हात उभ्या गाडीत ५० अंश झाले की याच डब्यात ३० ते ३५ अंश. झाकणावर हात ठेवला तर ‘थंड लागतंय’ असं वाटतं, कारण गाडी त्याहून तापलेली असते. पण ३२ अंशांवरचं दही किंवा उकडलेलं अंडं दोन तासांनंतर खाण्याजोगं उरत नाही.

दुसरी अडचण विजेची. बहुतेक स्वस्त पेल्टियर डब्यांना थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आलं की यंत्र थांबवणारी कळ) नसतो. ४८ वॅटचा डबा म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर, आणि तो न थांबता खेचत राहतो. रात्रभर आठ तास लावून ठेवला तर ३२ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरी ४५ अँपिअर-तासांच्या आसपासची असते, आणि स्टार्टरची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवायची नसते. सकाळी गाडी सुरू होत नाही, त्याचं कारण हे.

हा डबा घरात असेलच तर फेकू नका, पण त्याचं काम नीट ठरवा. आतल्या वस्तू घरच्या फ्रिजमधून थेट थंडगार अवस्थेत काढून भरायच्या, सोबत दोन गोठवलेल्या बाटल्या ठेवायच्या, गाडी चालू असतानाच वीज द्यायची. पंख्याची जाळी सामानाने झाकली गेली की गरम बाजूची उष्णता बाहेर पडत नाही, ती चकतीतून आत झिरपते, आणि डबा थंड व्हायच्या ऐवजी कोमट होतो. जाळीसमोर चार बोटं तरी जागा मोकळी हवी. पंख्याचा आवाज बदलला, घरघर लागली, तर तो लगेच बदलावा, कारण बाहेरचा पंखा थांबला की चकती थोड्या वेळात जळते. गरमवरून थंडवर लगेच उलटं बटण दाबू नये. मधे अर्धा तास बंद ठेवावा, नाहीतर चकतीतले जोड तडकतात.

आता कॉम्प्रेसरचा फ्रिज. हा खरोखरचा फ्रिज आहे. बाहेर ४० अंश असले तरी आत ४ अंश ठेवतो, आणि बहुतेक मॉडेलं उणे १८ ते २० अंशांपर्यंत जातात. चालताना ४५ ते ६० वॅट घेतो, म्हणजे आकडा पेल्टियरइतकाच. फरक असा की ठरवलेलं तापमान आलं की तो थांबतो. सावलीत, चांगल्या इन्सुलेशनसह, तासातली वीस-पंचवीस मिनिटं चालतो आणि सरासरी दीड ते दोन अँपिअरवर भागतं. रात्रीचे आठ तास म्हणजे बारा ते सोळा अँपिअर-तास, आणि निरोगी बॅटरी एवढं देते. चार वर्षं जुनी झालेली देईलच असं नाही.

कॉम्प्रेसरच्या बाबतीत जाहिरातींत अजूनही ‘डॅनफॉस’ हे नाव झळकतं. त्या कंपनीचा हा छोट्या कॉम्प्रेसरचा विभाग २०१० साली विकला गेला आणि तेव्हापासून तो ‘सेकॉप’ नावाने ओळखला जातो. म्हणून नव्या फ्रिजवर जुनं नाव दिसलं तर कॉम्प्रेसरच्या अंगावरची पट्टी वाचून घ्या. दुसऱ्या बनावटीचे कॉम्प्रेसरही नीट चालतात, मात्र सुटे भाग आणि कंट्रोल बोर्ड मिळतो का, हे विचारूनच घ्यावं. या यंत्रात सगळ्यात आधी जातो तो बोर्ड, गॅस किंवा कॉम्प्रेसर क्वचित.

सगळ्यात जास्त तक्रार ऐकू येते ती अशी: ‘फ्रिज मधेच बंद पडतो, बॅटरी तर भरलेली आहे.’ दोष बहुधा फ्रिजचा नसतो, वायरीचा असतो. फ्रिजमध्ये बॅटरी वाचवणारा कट-ऑफ असतो, साधारण तीन पायऱ्यांचा, आणि तो फ्रिजच्या टोकाला येणारं व्होल्टेज मोजतो. पुढच्या डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत चार मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ५ अँपिअर गेले की वाटेतच जवळपास अर्धा व्होल्ट पडतो, आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्यात आणखी. बॅटरीवर १२.२ असताना फ्रिजला ११.७ दिसतात, तो ‘बॅटरी उतरली’ असं समजून थांबतो, भार गेल्यावर व्होल्टेज परत चढतं, तो पुन्हा सुरू होतो. हाच खेळ रात्रभर. चार चौरस मिलिमीटरची वायर बॅटरीपासून थेट ओढली, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज टाकला, तर तोटा ०.२ व्होल्टच्या आत येतो आणि तक्रार संपते. फ्यूज बॅटरीजवळच हवा. तो फ्रिजजवळ टाकला तर मधल्या सगळ्या वायरीला संरक्षण राहत नाही, आणि ती घासून शॉर्ट झाली की आग लागते.

सिगारेट लायटरचा सॉकेट हा या सगळ्या साखळीतला कच्चा दुवा. प्लग फक्त स्प्रिंगच्या जोरावर टिकतो, खड्ड्यांत सैल होतो, आणि सैल जोड तापतो. तासाभराने प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर तो सॉकेट वापरू नये. प्लगच्या टोकाची चकती फिरवली की आत छोटा काचेचा फ्यूज असतो. फ्रिज अचानक ‘मेला’ तर आधी तो पाहावा. काही गाड्यांत इग्निशन बंद केलं की सॉकेटही बंद होतो, काहींत चालू राहतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी मोबाइलचा चार्जर लावून हे तपासायला एक मिनिट लागतं.

फ्रिज गाडीच्या बॅटरीवर असेल तर कट-ऑफ ‘हाय’वर ठेवा, म्हणजे गाडी सुरू करण्यापुरती वीज शिल्लक राहते. वेगळं पॉवर स्टेशन (सॉकेट असलेली, उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) असेल तर ‘लो’ चालेल. पॉवर स्टेशनला फ्रिज त्याच्या १२ व्होल्टच्या डीसी सॉकेटवरच जोडावा. घरगुती प्लगवर जोडला तर आधी इन्व्हर्टर आणि मग फ्रिजचा अडॅप्टर अशी दोनदा वीज वाया जाते. ५०० वॅट-तासांच्या पॉवर स्टेशनवर चांगला ३५ लिटरचा फ्रिज सावलीत सोळा ते वीस तास निघतो.

पडद्यावरचा आकडा खरा मानू नका. सेन्सर भिंतीजवळ असतो आणि अन्न मधे. पाण्याने भरलेल्या पेल्यात थर्मामीटर ठेवून तो पेला डब्याच्या मध्यावर चार तास राहू द्या, मग वाचा. दोन ते चार अंशांचा फरक निघणं नेहमीचं आहे, त्यानुसार सेटिंग खाली घ्या. तळाशी आणि भिंतीला चिकटून ठेवलेल्या वस्तू गोठतात, तेव्हा पालेभाजी आणि अंडी वरच्या जाळीत ठेवा. कच्चं मांस घट्ट डब्यात सगळ्यात खाली ठेवावं, म्हणजे गळलं तरी इतर अन्नावर पडत नाही. कॉम्प्रेसरच्या वर जो छोटा कप्पा असतो, तो बाकीच्या डब्यापेक्षा गरम राहतो. तिथे फळं आणि पाव चालतील, दूध नको. आकार घेताना लिटरच्या आकड्यापेक्षा आतली उंची मोजा, कारण दीड लिटरची बाटली उभी राहत नसेल तर अर्धी जागा फुकट जाते.

बसवताना झाकण उघडण्याचा विचार सगळे करतात, बांधण्याचा कमी. भरलेला फ्रिज वीस-पंचवीस किलोचा होतो आणि अपघातात तो मागच्या सीटवर आदळतो. हँडलला टांगलेला दोर पुरेसा नाही. गाडीच्या तळातल्या कड्यांना रॅचेट पट्ट्याने दोन बाजूंनी बांधायचा. फ्रिज वाहतुकीत आडवा झाला असेल तर उभा करून काही तास थांबावं, मग चालू करावा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं.

आइसबॉक्सला कमी लेखू नये. दीड-दोन दिवसांच्या प्रवासाला तो पुरतो आणि त्यात बिघडण्यासारखं काही नाही. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक लिटर पाणी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण १०५ किलोज्यूल लागतात. म्हणजे कोमट पाण्याच्या तीन बाटल्या टाकल्या की जवळजवळ एक किलो बर्फ संपला. त्यामुळे सगळं काही आदल्या रात्री फ्रिजमध्ये थंड करून भरायचं, आणि रिकामा डबासुद्धा आदल्या रात्री बर्फाने गार करून घ्यायचा. जागेच्या हिशेबाने दोन भाग बर्फ, एक भाग अन्न. फोडलेल्या खड्यांपेक्षा मोठा ठोकळा हळू वितळतो. त्याहून सोयीचं म्हणजे पाण्याच्या बाटल्या गोठवणं, कारण वितळल्यावर ते पाणी पिता येतं आणि डब्यात चिखल होत नाही. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरू नये.

विकत घेताना झाकणावर टकटक करा. भिंतींत फोम आणि झाकण पोकळ, असे डबे भरपूर आहेत, आणि ऊन तर वरूनच येतं. रबरी कडेत कागदाची पट्टी धरून झाकण लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथून हवा जाते. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांचा असतो आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. बंद गाडीत तो ठेवून प्रवास करणं जिवाला धोक्याचं आहे.

कामाच्या दौऱ्यावर विमान आणि हॉटेल आलं की यातलं जवळजवळ काहीच उपयोगाचं नाही. १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी केबिनमध्ये चालते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावरचं पॉवर स्टेशन घरीच राहतं. हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रिज पाहून हायसं वाटतं, पण तो अनेकदा आवाज न करणाऱ्या ॲब्सॉर्प्शन (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या) किंवा पेल्टियर पद्धतीचा असतो आणि पेयं गार ठेवण्यापुरताच बनवलेला असतो. त्यात ८ ते १२ अंश असणं नवल नाही. उरलेलं जेवण किंवा औषध ठेवण्याआधी थर्मामीटरने पाहा. काही हॉटेलांत दाराचं कार्ड काढलं की त्या फ्रिजची वीजही जाते, हेही विचारून घ्या.

अशा दौऱ्याला रुंद तोंडाचा स्टीलचा व्हॅक्यूम डबा जास्त खात्रीचा. उकळतं पाणी भरून, झाकण लावून दहा मिनिटं ठेवावं, ते ओतून देऊन लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरावं. वर हवा राहिली की उष्णता त्यात जाते. ५०० मिलिलिटरचा डबा ३०० च्या डब्यापेक्षा जास्त वेळ गरम राहतो, कारण आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. अर्धा भरलेला डबा सहा तासांनी ६० अंशांच्या खाली गेलेला असतो, तेव्हा कमी खायचं असेल तर डबाच लहान घ्यावा. भरल्यावर तासाभराने बाहेरची भिंत कोमट लागली तर पोकळीतला निर्वात गेला असं समजा. ते दुरुस्त होत नाही. झाकणाची रबरी रिंग दर वेळी काढून धुवावी, वास तिच्या मागेच साठतो. सूप किंवा आमटीसारखं पातळ अन्न विमानतळाच्या तपासणीत द्रव धरलं जातं, आणि जिथे १०० मिलिलिटरची मर्यादा आहे तिथे ते फेकावं लागतं. भात, उकडलेल्या भाज्या, भाजलेलं मांस अशा कोरड्या पदार्थांना ती अडचण येत नाही.