पाच रविवार आणि एक सुटलेला सोल

"लोक पावसाळ्यात डोंगर चढतात, तुला बरी उन्हाळ्यात हौस आली!" जानेवारीत जळगावातल्या एका ट्रेकिंग ग्रुपची फी भरली तेव्हा आमच्या ह्यांनी काढलेलं हे वाक्य. जळगावात राहून त्याला उत्तर देणं अवघड आहे. एप्रिलात दुपारी बाराला इथं रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तरीही फेब्रुवारी ते एप्रिल असे त्यांचे पाचही रविवार मी पुरे केले. वय सत्तेचाळीस, वजन सांगत नाही, आणि आधीचा अनुभव म्हणजे सप्तशृंगीच्या पायऱ्या, त्याही ट्रॉली सुरू व्हायच्या आधी चढलेल्या. पुढच्या वर्षी जावं का, असं कॉलनीतल्या तिघीचौघींनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पैशांचं आधी. या पाच सहलींची फी बाराशे, गाडीखर्च वेगळा. लळिंगला तीनशे पडले, तोरणमाळला मुक्काम धरून चौदाशे. क्रूझरमध्ये दहा जण म्हणतात आणि बारा कोंबतात. मागच्या आडव्या बाकावर बसलात तर चढण्याआधीच गुडघे बोलायला लागतात. लवकर जाऊन मधली सीट धरा.

पहाटे चारला आकाशवाणी चौकात हजर राहायचं, माणशी चार लिटर पाणी, डोक्याला सुती रुमाल, अंगाला सेंट-डिओ काही नाही. हा शेवटचा नियम मला आधी सोवळ्यासारखा वाटला. ग्रुप चालवणारे सर (निवृत्त चित्रकला शिक्षक, सगळे त्यांना सरच म्हणतात) गाडीत चढणाऱ्याचा चक्क वास घेतात. एका कॉलेजच्या पोराला त्यांनी चौकातल्या नळावर मान धुवायला लावली होती. कारण आग्या माशा. कड्याकपारीत त्यांची मोहोळं लटकलेली असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी त्या उठतात. एकदा उठल्या की पळायलाही जागा नसते.

पण या ग्रुपचा खरा नियम घड्याळाचा आहे. साडेनऊला परत पायथ्याशी. कुठेही असा, निम्मा वेळ संपला की पाठ फिरवायची. पहिल्याच रविवारी लळिंगला याचा मला राग आला होता. धुळ्याच्या अलीकडे-पलीकडे जाताना मुंबई-आग्रा हायवेवरून हा किल्ला शंभरदा पाहिलेला, फारुकी सुलतानांचा म्हणून शाळेत वाचलेला, आणि आता दरवाजापर्यंत पोचले तर सर म्हणतात, चला खाली! एका कुटुंबाने चौकात चाळीस मिनिटं वाट पाहायला लावली होती, त्याची वजाबाकी सगळ्यांच्या माथ्यावरून झाली. मी तणतणत उतरत होते. वाटेत बकऱ्या घेऊन वर निघालेले एक आबा माझ्याकडे बघून म्हणाले, "उतरी जा माय, आते ऊन लागी जाई." तेव्हा नऊ वाजले होते आणि मला त्यांचंही पटलं नव्हतं.

मनुदेवी आणि पाल या दोन सहली सोप्या. मनुदेवीच्या धबधब्याला पाण्याची नुसती धार होती, पण तिथून परतताना एका सदस्याच्या मळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली, वर कांद्याची पात. त्या जेवणासाठी मी ती सहल पुन्हा करीन. पालला होळीच्या आधीच्या आठवड्यात नेलं आणि वाटेत आदिवासींच्या भोंगऱ्या बाजारात गाडी अडकली. ढोल, घुंगरू, हार-कंगणांची दुकानं, आणि मध्ये आमची क्रूझर. सरांनी एवढं एक कॅलेंडर बघायला हवं होतं. आम्ही मात्र खाली उतरून मजेत दाळ्या-गूळ खाल्ला. सुकी धरण पाहिलं ते भर उन्हात, त्याबद्दल न बोललेलं बरं.

तोरणमाळ सगळ्यात वरचं. शहाद्याकडून सातपायरीचा घाट चढला की हवाच बदलते. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची आहे, मार्चअखेरीला रात्री मला गोधडी लागली. पहाटे यशवंत तलावाकडून सीताखाईकडे चालत निघालो, अजून नीट उजाडलं नव्हतं, आणि एकदम गोडसर, आंबूस वास आला. मोहाचं झाड. खाली जमीन काळी, पाचोळा जाळून साफ केलेली, आणि तिच्यावर फिकट पिवळी फुलं. उभं राहिलं की ऐकू येत होतं, टप्, थांबून पुन्हा टप्. एक बाई टोपली घेऊन वेचत होती. तिची पावरी बोली मला कळेना, माझी मराठी तिला फारशी कळली नसावी, पण तिने एक फूल माझ्या हातावर ठेवलं आणि तोंडाकडे बोट केलं. भिजवलेल्या मनुकेसारखं मांसल, आधी गोड, मग घशात किंचित कडसर. फुलं दिसावीत म्हणून पाचोळा जाळतात, आणि तीच आग कधी गवतात शिरून वणवा होतो, हे सरांनी पुढे गेल्यावर हळू आवाजात सांगितलं. तिच्यासमोर बोलले नाहीत, हे मला आवडलं.

आता तक्रार. शेवटची सहल एप्रिलात, पाटणादेवीहून जंगलातल्या वाटेने पितळखोऱ्याची लेणी. त्या दिवशी सर आजारी होते आणि ग्रुप दोन तरुण पोरांनी नेला. पोरं गुणी आहेत, पण चंडिकेच्या देवळापाशी फोटो, भास्कराचार्यांच्या शिलालेखाची गोष्ट (शके ११२८ मधला, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठाला दिलेल्या दानाचा), पुन्हा फोटो, यात तासभर गेला. गोष्ट चांगली सांगितली, वेळ चुकली. लेणी मात्र डोळे निववणारी. ती हत्तींची रांग आणि दाराशी उभे द्वारपाल बघून मीही घड्याळ विसरले, तेव्हा सगळा दोष पोरांवर टाकत नाही.

उतरायला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. जंगल म्हणाल तर सालई निष्पर्ण, कहांडोळाची खोडं पांढरीफटक, सावली नावाला नाही. दगडातून वाफ आल्यासारखी झळ. अशात माझ्या डाव्या बुटाने आ वासला. तीन वर्षं माळ्यावर पडलेले बूट. आतला फोम जुना होऊन भुगा झालेला, तापल्या दगडावर सोल टाचेपासून सुटला आणि पुढे नुसता लोंबायला लागला. एका पोराने प्रथमोपचाराच्या पेटीतलं क्रेप बँडेज काढून बुटाला चार वेढे दिले, गाठ वर घोट्याशी मारली. तसंच दीड तास उतरले. बँडेज दोनदा फाटलं. एका काकांना चक्कर आली म्हणून त्याच पेटीतल्या ओआरएसच्या पुड्या काढल्या तर त्यांची मुदत मागच्या वर्षीच संपलेली. शेवटी कोणाच्या तरी डब्यातली कैरी, मीठ-साखर आणि उरलेलं पाणी यावर भागवलं. काका सावरले. पायथ्याला एक वाजला होता आणि तेव्हा मला लळिंगचे आबा आठवले.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेटी माझ्यासमोर रिकामी केली, आणि आता दर सहलीआधी ती तपासायचं काम माझ्याच गळ्यात घातलं आहे.

बायकांसाठी एक वेगळं: वाटेत थांबायचं कुठे, याचा कोणीच विचार केलेला नसतो. पंप गाठेपर्यंत कळ काढावी लागते, त्यामुळे बायका पाणी कमी पितात, आणि अशा उन्हात तेच अंगाशी येतं. हे बैठकीत बोलले तेव्हा पुरुषमंडळी चपला बघत बसली. तुम्ही दोघी-तिघी आलात तर आवाज वाढेल.

पावसाळी सहलींची फी ते जूनमध्ये वेगळी मागतात, ती मी भरलेली नाही. फेब्रुवारीपासूनच्या पाच रविवारांसाठी नाव दिलं आहे. बूट नवे घेतलेत आणि ते सध्या रोज पहाटे कॉलनीच्या मैदानावर घालून चालते. ह्यांनी कालच विचारलं, असे पुरुषांचेही मिळतात का.