सल्ला फुकट, तारखा आपल्या: मोफत विधी सेवा दहा महिने वापरल्यावर

वडील २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेले. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी पतसंस्थेचा वसुलीवाला दारात. चहा घेतला, "अण्णा देवमाणूस होते" म्हणाला आणि पिशवीतून एक छापील कागद काढून दादापुढे ठेवला. गावातल्या एकाने घेतलेल्या चार लाखांच्या कर्जाला अण्णा जामीनदार होते. आता जामीनदार बदलायचा, मुलाने सही केली की झालं. दादाने पेन हातात घेतलंही होतं. तेवढ्यात आतून आजीने पाणी मागितलं, दादा उठला आणि सही राहिली. आमच्या घराला मिळालेला पहिला कायदेशीर सल्ला हाच.

त्यानंतर पाच महिने आम्ही काहीच केलं नाही, फक्त नातेवाईकांचं ऐकत बसलो. मामा म्हणाले सही करून टाका, गावात राहायचंय. चुलते म्हणाले आधी बहिणीचं, म्हणजे माझं, हक्कसोड (मिळकतीतला हिस्सा सोडल्याचा कागद) करून घ्या, मग एकाच फेरफारात (सातबाऱ्यावरची नावं बदलायच्या नोंदीत) काम होतं. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. हिशोब कळतो, कायदा नाही. पुण्यातल्या एका वकिलांना पंचवीस मिनिटांचे दोन हजार दिले, त्यातली दहा मिनिटं त्यांच्या फोनमध्ये गेली. शेवटी जानेवारीत १५१०० हा विधी सेवेचा नंबर लावला. तिथे फार काही सांगितलं नाही, पण जे सांगितलं ते नेमकं होतं: तुमच्या तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आईच्या नावाने अर्ज करा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही.

हे खरंच आहे आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक, कामगार यांना मोफत वकील मिळायचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. दादा त्या मर्यादेत बसत नव्हता. म्हणून आई अर्जदार, मी सोबत, आणि दादा बाहेर बाकावर. पहिल्या दिवशी त्याला हे फार लागलं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सल्ला कसा मिळाला.

पहिल्या वकील मॅडम उत्तम होत्या. चाळिशीच्या, टेबलावर पाण्याची बाटली आणि कोर्टाची डायरी. त्यांनी आमची कहाणी दोन मिनिटांत थांबवली आणि म्हणाल्या, "गोष्ट नको, तारखा सांगा." आमच्याकडे तारखा नव्हत्या. परत पाठवलं. राग आला, पण दुसऱ्या खेपेला मी एका वहीत सगळं लिहून नेलं तेव्हा अर्ध्या तासात तीन प्रश्न सुटे झाले.

जामिनाचं असं. वडिलांनी दिलेला जामीन त्यांच्याबरोबर संपत नाही. पण वारसांवर तो येतो तो वडिलांकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरताच. दादाचा पगार, दादाने स्वतः घेतलेला फ्लॅट यांना हात लागत नाही. त्या छापील कागदावर सही केली असती तर मात्र दादा स्वतःच्या जिवावर जामीनदार झाला असता, मग पगारही आला आणि फ्लॅटही. "आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग आमच्याकडे या" असं जामीनदाराला म्हणता येतं, ही गावातली समजूतही मॅडमनी मोडली. पतसंस्था दोघांपैकी कुणाकडेही आधी जाऊ शकते. तिला सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घ्यावा लागेल एवढंच. तो अर्ज सहकार खात्याच्या निबंधकांकडे झाला तर नोटीस येईल, ती आली की घरात ठेवू नका, त्याच दिवशी मला फोन करा, असं त्या दोनदा म्हणाल्या.

दादा म्हणाला, "पण बापाचं देणं मुलानं फेडायचंच असतं ना?" त्यावर त्या हसल्या नाहीत. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जाला केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाला जबाबदार धरायचं नाही, असं हिंदू वारसा कायद्यात लिहिलंय, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "मनाने फेडायचं असेल तर फेडा. सही करून अंगावर घेऊ नका." गाडीत बसल्यावर दादा बराच वेळ गप्प होता.

दुसरा प्रश्न उलटा, म्हणजे लोकांकडून आमचं येणं. अण्णांनी दूध संकलनवाल्या काकांना १० मे २०२२ रोजी एक लाख ऐंशी हजार बँकेतून पाठवले होते. हातउसने. काकांनी एक सही केलेला कोरा चेक दिला होता. तो देव्हाऱ्यातल्या फोटोमागे सापडला, आणि चेक आहे म्हणजे पैसे सुरक्षित असं आम्ही समजत होतो. मॅडमनी तो हातातही घेतला नाही. अण्णा गेले, त्यांचं खातं थांबलं, त्यांच्या नावाचा चेक आता भरायचा कुठे? भरता आला असता तरी पुढे सगळं दिवसांवर चालतं: चेक तीन महिन्यांत बँकेत जायला हवा, परत आला की तीस दिवसांत नोटीस, समोरच्याला पंधरा दिवस, मग एका महिन्यात कोर्ट. तेव्हा चेक पुरावा म्हणून जपा, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि मग त्यांनी आमच्या वहीतली १० मे ही तारीख लाल पेनने गोल केली. हातउसने दिल्यापासून तीन वर्षं उलटली की दाव्याची मुदत संपते. आमच्या हातात चार महिनेही नव्हते.

त्याआधी काकांकडून लेखी घ्या, तारीख आणि सही हवी, म्हणजे तिथून नव्याने तीन वर्षं मोजतात, हा त्यांचा सल्ला. मी विचारलं, व्हॉट्सॲपवर त्यांनी "देतो की ताई" लिहिलंय, ते चालेल का. त्या म्हणाल्या, चालेल की नाही यावर वकील दोन वर्षं भांडतील, तुम्हाला भांडण हवंय की पैसे? एका चिठ्ठीवर वाक्य लिहून दिलं: "कै. अमुक यांच्याकडून दि. १० मे २०२२ रोजी बँकेमार्फत घेतलेले रु. १,८०,००० मी त्यांच्या वारसांना देणे लागतो."

एप्रिलमध्ये सकाळच्या धारेनंतर आम्ही संकलन केंद्रावर गेलो. काका फॅटच्या यंत्रापाशी होते, हात ओले. त्यांनी हात पुसले, वाक्य दोनदा वाचलं, "देणे लागतो" वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मी कधी नाही म्हटलंय का?" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की कागद परत घ्यावा वाटला. आई मात्र जागची हलली नाही. त्यांनी सही केली, तारीख टाकली, साल टाकलं नाही. आई म्हणाली, "भावजी, साल." त्यांनी साल टाकलं. माझ्या मते दहा महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम त्या एका शब्दाने झालं. तेव्हापासून काका दर महिन्याला दहा हजार आईच्या खात्यात भरतात. बँकेतून, रोख नाही. हेही मॅडमचंच सांगणं.

इथे कर्ज आणि वारसा एकमेकांत कसे अडकतात तेही कळलं. काका उद्या फिरले तर मेलेल्या माणसाचं येणं वसूल करायला कोर्ट वारसांच्या बाजूने हुकूमनामा देण्याआधी सक्सेशन सर्टिफिकेट मागतं. गावात लोक ज्याला सरसकट "वारस दाखला" म्हणतात त्यात तलाठ्याकडची वारस नोंद वेगळी, १८२७ च्या रेग्युलेशनखालचा कोर्टाचा वारस दाखला वेगळा आणि १९२५ च्या कायद्याखालचं हे सर्टिफिकेट वेगळं. आम्ही अजून ते काढलेलं नाही, कारण काका स्वतःहून देतायत.

आता तक्रारी, कारण इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल सगळं गोडच आहे.

मेमध्ये मॅडम समितीच्या वकिलांच्या पॅनेलवरून गेल्या. नवीन वकील आले, त्यांना आमची फाइल मिळाली नाही, आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोन वेळा पुण्याहून रजा काढून गेले तर "आज साहेब जिल्ह्याला". फोन उचलला जात नाही. गेटवरच्या एका माणसाने "अर्ज लिहून देतो" म्हणून पाचशे मागितले. अर्ज आत मोफत लिहून देतात. आमचा खर्च झाला तो झेरॉक्स, प्रती आणि एसटीचा.

पण खरी चूक झाली ती तिसऱ्या प्रश्नात, वारस नोंदीत. सातबाऱ्यावर अण्णांच्या जागी वारस लावायचे म्हणून ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करायचा होता. या नव्या वकिलांना मी विचारलं, आजीचं, म्हणजे अण्णांच्या आईचं, नाव लावायचं का? ते म्हणाले गरज नाही, बायको आणि मुलं पुरे. आम्ही तीन नावांचा अर्ज केला. भाऊसाहेबांनी (आमच्याकडे तलाठ्याला अजून भाऊसाहेबच म्हणतात, सरकारने पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं तरी) फेरफार धरला, नोटीस लागली, आणि चुलत्यांनी हरकत घेतली: आई जिवंत असताना तिचं नाव कुठाय? बरोबर होतं त्यांचं. मुलगा गेला तर त्याची आई ही पहिल्या वर्गातली वारस आहे, बायको-मुलांच्या बरोबरीने. बाप नाही, आई. मंडळ अधिकाऱ्यांकडे फेरफार अडकला, दुरुस्तीत दोन महिने गेले आणि घरात जी बोलाचाली झाली ती वेगळीच.

तिसऱ्या वकिलांनी, हे तरुण होते, हिस्से समजावले ते मी विसरणार नाही. जमीन आजोबांपासूनची, वाटणीत अण्णांकडे आलेली. ते म्हणाले, अण्णा गेले त्या क्षणी कागदावर एक वाटणी झाली असं समजा: अण्णा, आई, दादा, तुम्ही, चार सारखे भाग. मग अण्णांचा भाग पुन्हा चौघांत: आई, दादा, तुम्ही, आजी. मी कॅल्क्युलेटर काढला तर म्हणाले, "रुपयाचे सोळा आणे घ्या ना. तुम्हा तिघांना पाच-पाच, आजींना एक." दादा पहिल्यांदाच मोठ्याने हसला. माझं लग्न २०११ मध्ये झालंय, मला हक्क आहे का, असं मी चाचरत विचारलं. मुलगी जन्मापासूनच सहहिस्सेदार, वडील कधी गेले याच्याशी संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगून टाकलंय, असं उत्तर आलं. दादाच्या नावे नॉमिनेशन असलेल्या एफडीबद्दलही तेच: नॉमिनी म्हणजे पैसे घेणारा हात, मालक नव्हे. तिथे जमिनीसारखे सोळा आणे नाहीत, ती अण्णांची कमाई, सरळ चार भाग. यावर दादाने वाद घातला नाही. आजीचा भाग तिच्या खात्यात टाकला.

जामिनाचं प्रकरण सप्टेंबरच्या लोकअदालतीत मिटलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, माईकवर नावं, बाहेर वडापाव. मूळ कर्जदाराने हप्ते मान्य केले, पतसंस्थेने दंडव्याज सोडलं. सही करण्याआधी वकिलांनी कागद आम्हाला तिथेच उभं राहून वाचायला लावला, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. "जामीनदाराचे वारस सध्या जबाबदार नाहीत" मधला "सध्या" हा शब्द दादानेच पकडला आणि काढायला लावला. ऑगस्टमध्ये न वाचता सही करायला निघालेला हाच माणूस.

तर, वापरावं का? सही करण्याआधी विचारायचं असेल तर डोळे झाकून वापरा. बँक, पतसंस्था, सावकार, हक्कसोड, कोणताही कागद समोर आला की आधी तिथे जा. पण चालू दावा वर्षानुवर्षं लढवायचा असेल आणि वकील मध्येच बदलणं परवडणार नसेल, तर पदरचा एक वकील ठेवलेला बरा. आणि एकाच्या उत्तरावर थांबू नका, पुढच्या वेळी दुसऱ्याला तोच प्रश्न विचारा. मी विचारलं असतं तर आजीचं नाव सुटलं नसतं.

हक्कसोडाचं अजून ठरलेलं नाही. वकील म्हणाले, द्यायचं तर द्या, पण नोंदणीकृतच करावं लागतं आणि दिलं की परत मागता येत नाही. घाई कुणाला आहे? दादाने विषय काढणं बंद केलंय. आता नवाच गुंता निघालाय: आजीनंतर तिचा तो एक आणा चुलते आणि आत्या यांच्यातही जाणार, म्हणजे आमच्या सातबाऱ्यावर आणखी पाच नावं. तिला मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतील, त्यासाठी पुढच्या गुरुवारी परत तालुक्याला जायचंय. आजीला विचारलं तर म्हणाली, "एका आण्यापायी मला एसटीत बसवता व्हय? वकिलालाच घरी बोलवा, भाकरी खाऊन जाईल." वकिलांना फोन केलाय. अजून उचललेला नाही.