टूरिंगसाठी जादा पेट्रोलचा कॅन: प्लॅस्टिक आणि पत्रा, दोन्ही वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, मग रामायण. मोटरसायकलला जादा पेट्रोलचा कॅन लावायचाच असेल तर पत्र्याचा घ्या, पाच लिटरचा घ्या आणि एकच घ्या. शेवटच्या पंपापर्यंत तो रिकामाच न्या आणि टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच ओतून मोकळे व्हा. टाकीच्या दोन्ही बाजूंना लावायची प्लॅस्टिकची जोडी फोटोत झकास दिसते, पण माझ्याकडे ती आता माळ्यावर पडून आहे.

गाडी रॉयल एन्फील्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन, टाकी १५ लिटरची. सपाटीला ॲव्हरेज तीसच्या आसपास. लडाखात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागलं की पंचविसावर येतं, नाल्यांतून पाणी जास्त असेल तर त्याहून खाली. उन्हाळ्यात प्लॅस्टिकची जोडी घेतली, जूनमध्ये तीच घेऊन स्पितीला गेलो. तिथून आल्यावर पत्र्याचा कॅन घेतला आणि सप्टेंबरात लडाखला दोन्ही प्रकार बरोबर होते. त्यानंतर कोकणात, देशावर जिथे गेलो तिथे पत्र्याचाच.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, की मुळात लागतो का? मनाली-लेह करणाऱ्याला टांडीच्या पंपावरचा तो प्रसिद्ध फलक घाबरवतो: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. ३६५ हे अंतर लेहचं धरलेलं आहे. त्याच्या अलीकडे पस्तीसेक किलोमीटरवर कारूला पंप आहे, म्हणजे खरं अंतर ३३० च्या आसपास. १५ लिटर गुणिले पंचवीस म्हणजे ३७५. टांडीला टाकी फुल्ल केली तर हिमालयनला कॅन लागत नाही. तेरा लिटरच्या टाकीची गाडी असेल, मागे माणूस आणि दोन बॅगा असतील, तर मात्र गणित काठावर येतं. वाटेत बारालाचा, नकी ला, लाचुलुंग, तांगलांग अशा खिंडींचे चढ आहेत (‘ला’ म्हणजे खिंड). काठावरचं गणित तिथे करू नये.

स्पितीत काझाला पंप आहे. किन्नौरकडून जाताना रेकाँग पिओच्या खाली पोवारीला भरलं की काझापर्यंत साधारण दोनशे किलोमीटर, कुठल्याही गाडीला जमण्यासारखं. तिथली भीती वेगळीच असते. दरड कोसळून रस्ता बंद झाला की टँकर अडकतो आणि पंपावर रांग लागते. अशा वेळी पाच लिटर हाताशी असले की काझाहून कीबर, लांग्झा, हिक्किम असं निवांत फिरता येतं.

कॅन खरा कामाला आला तो लेह-पँगाँग-चुशुल-हानले आणि तिथून उमलिंग ला करून परत लेह, या फेरीत. हे सगळं मिळून सातशे किलोमीटरच्या वर जातं. हानलेत लोक घरातून पेट्रोल देतात, पण भाव त्यांचा आणि त्यात काय मिसळलंय ते देवाला ठाऊक. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीत तसलं पेट्रोल घालायची माझी तयारी नव्हती.

महाराष्ट्रात? अजिबात गरज नाही. दिघी-आगरदांडा, दाभोळ-धोपावे अशा फेऱ्या करत अख्खी किनारपट्टी उतरलो तरी पंपासाठी वाट वाकडी करावी लागली नाही. इथे कॅन लावून फिरणं म्हणजे उगाच भाव खाणं. मीही खाल्ला, नाही असं नाही.

आता प्लॅस्टिकच्या जोडीबद्दल. हिमालयनला टाकीच्या बाजूला जो पाइपांचा सांगाडा आहे, त्यावर ब्रॅकेट बोल्टने बसतात. बसवायला अर्धा तास. वजन पुढच्या चाकाजवळ आणि दोन्हीकडे सारखं, त्यामुळे गाडी वळवताना काही जाणवत नाही. पेट्रोलचा लिटर साधारण पाऊण किलोचा, म्हणजे दहा लिटरचे साडेसात किलो. मागच्या कॅरिअरवर एवढं वजन टाकलं की खडीत पुढचं चाक हलकं वाटतं, पुढे टाकलं की वाटत नाही. इथवर शंभर टक्के मार्क.

मार्क कापायला सुरुवात होते ती उभं राहून चालवताना. माझी उंची पाच फूट दहा इंच, आणि खराब रस्त्यावर फूटपेगवर उभा राहिलो की डावा गुडघा दर खड्ड्याला कॅनवर आपटायचा. ब्रॅकेटचे नट खडखडून सैल व्हायचे, शेवटी नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) लावले तेव्हा थांबले. आणि गाडी आडवी झाली की जमिनीला आधी लागतो तो कॅन. स्पितीच्या ट्रिपमध्ये बाताळच्या अलीकडे नाल्यात गाडी अगदी कमी वेगात पडली. कॅन फुटला नाही, पण झाकणाच्या आट्यांशी केसाएवढी चीर गेली आणि तिथून पेट्रोल झिरपायला लागलं. झिरपून ते थेट इंजिनच्या अंगावर. त्या दिवशी दोन्ही कॅन टाकीत रिकामे केले आणि उरलेली ट्रिप ते शोभेला होते.

उंचीचा प्रकार तर बघण्यासारखा. साडेपाच हजार मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. खाली घट्ट बंद केलेला कॅन वर जाईपर्यंत फुगतो, त्यात दिवसभराचं ऊन. तांगलांग लाच्या माथ्यावर प्लॅस्टिकचा कॅन पोट सुटल्यासारखा दिसत होता आणि ब्रॅकेटमध्ये इतका गच्च बसला होता की ओढून निघेना. झाकण पाव आटा सैल केलं तर फुस्स करून वाफ बाहेर, सोबत थोडं पेट्रोल. उलट, वर उघडून बंद केलेला कॅन खाली आणला की आत पिचतो. म्हणून वर पोचल्यावर इंजिन थंड होऊ द्यायचं, आसपास कोणी सिगारेट ओढत नाही ना ते बघायचं, आणि झाकण हळूहळू सैल करायचं. गळ्यापर्यंत भरायचं नाही हे तर आलंच. दर दहा अंशांना पेट्रोल साधारण एक टक्का फुगतं, पाच लिटरमागे पन्नास मिली. मी पाचच्या कॅनमध्ये साडेचारच भरतो.

पत्र्याचा कॅन म्हणजे लष्करी जीपला मागे असतो त्याचं छोटं भावंड. बाजूंना फुलीसारखी दाबलेली नक्षी असते, ती शोभेची नाही. आतला दाब वाढला की पत्रा तिथे थोडा बाहेर येतो, कमी झाला की परत बसतो. हा आकार जर्मन सैन्याने दुसऱ्या महायुद्धाच्या आधी काढला आणि नंतर ब्रिटिश-अमेरिकनांनी उचलला. माझा कॅन उमलिंग लापर्यंत, म्हणजे ५,७९८ मीटरवर जाऊन आला. फुगला, पण तो बसवायच्या लोखंडी पाळण्यातून सहज निघाला. झाकण आट्यांचं नाही, खटक्याचं आहे, आडवी पिन घालून बंद होतं. धक्क्यांनी ते सैल झालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

तक्रारी याच्याही आहेत. रिकामाच दीड-दोन किलोचा. नवा आणला तेव्हा आत रंगाची पापुद्रं आणि वेल्डिंगचा चुरा होता. अर्धा लिटर पेट्रोल घालून खळखळून मलमलच्या फडक्यातून गाळलं तर फडक्यावर काळे कण दिसले. हेच दोनदा केलं आणि मगच वापरायला काढला. झाकणाचं रबर स्वस्तातलं असेल तर ते काही आठवड्यांत फुगून मऊ पडतं. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्के असतं, प्रत्येक रबराला ते मानवत नाही. माझं मूळ वॉशर दोन महिन्यांत गेलं. बुधवार पेठेत नायट्राइल रबराचं कापून मिळालं, ते टिकलंय. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे ट्रिप संपल्यावर कॅनमधलं पेट्रोल तसंच ठेवू नका. घरी पोचलो की मी ते गाडीत ओततो आणि झाकण उघडं टाकून कॅन गच्चीत सावलीला वाळवतो.

पत्र्याचा कॅन मी मागे डाव्या बाजूला, सॅडल बॅगच्या पाठी लोखंडी पाळण्यात बसवलाय. हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे आहे, म्हणून डावी बाजू. बंजी कॉर्डने कॅन बांधणारे दिसतात, त्यांच्या मागून मी गाडी चालवत नाही.

ओतण्यावर कोणी फारसं बोलत नाही, खरी फजिती तिथेच होते. मनाली-लेह वाटेवरच्या मोरे प्लेन्सच्या पठारावर दुपारनंतर वारा असा सुटतो की नरसाळं धरावं तर पेट्रोल उडतं, न धरावं तर सांडतं. कॅनचं तोंड खाली धरून ओतलं की आत हवा जायला वाट राहत नाही, मग ते गुडगुड करत आचके देत बदाबदा पडतं, टाकीवर, मांडीवर, जीन्सवर. युक्ती सोपी आहे. कॅन आडवा करून तोंड वरच्या बाजूला येईल असं धरायचं आणि मग हळूच कलवायचं. हवा वरून आत जाते, धार सरळ पडते. बरोबर मिळालेली वाकडी नळी मी फेकून दिली, लांब मानेचं जाळीवालं नरसाळं ठेवलं.

त्याच पठारावर भाड्याच्या गाड्या घेऊन निघालेली चार-पाच पोरं थांबली होती, एकाची गाडी रिझर्व्हवर पोचलेली. त्याला दोन लिटर दिलं. हिशेब केला तर माझ्या कॅनमधलं बरंचसं पेट्रोल दुसऱ्यांच्याच टाकीत गेलंय, आणि त्याबद्दल काही म्हणणं नाही.

कायद्याचं सांगून ठेवतो, कारण पंपावर हुज्जत होतेच. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या कलम ८ प्रमाणे, विकण्यासाठी नसेल तर ३० लिटरपर्यंत पेट्रोल बाळगायला परवाना लागत नाही. पण ते घट्ट बूच असलेल्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात हवं, धातूचं भांडं २५ लिटरपर्यंतचं. प्लॅस्टिक त्या यादीत नाही. म्हणजे बाजारात राजरोस विकल्या जाणाऱ्या जोडीत पेट्रोल भरलं की तुमची बाजू लंगडी. नगर रस्त्यावरच्या एका पंपावर प्लॅस्टिकचा कॅन पुढे केल्यावर पोरगा म्हणाला, "दादा, कॅनमध्ये नाही मिळणार, साहेब ओरडतात." पत्र्याचा दाखवला तर मॅनेजरला विचारून आला आणि भरून दिला. सगळीकडे देतीलच असं नाही. कुठे आंदोलन चालू असेल तर सुट्या पेट्रोलवर बंदी असते, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नसतो. भरताना कॅन गाडीवरून काढून जमिनीवर ठेवायचा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून धरायचं, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून.

गाडी रेल्वेच्या पार्सलने पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या: टाकीसकट कॅनही कोरडा हवा. वास येत असेल तरी अडवतात आणि ते बरोबरच आहे, रिकाम्या कॅनमधली वाफ भरलेल्या कॅनपेक्षा जास्त भडकते. मी कॅन दोन दिवस आधी वाळवून झाकण उघडं ठेवून गाडीलाच बांधला होता, काही अडचण आली नाही. विमानात मात्र वापरलेला कॅन नेण्याच्या भानगडीत पडू नका.

खर्च म्हणाल तर पत्र्याचा कॅन आणि पाळणा मिळून तीन हजारांच्या आत बसलं, प्लॅस्टिकची जोडी ब्रॅकेटसकट त्याहून महाग पडली. नव्या हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची आहे, ती असती तर हानलेची फेरी सोडून कशालाच कॅन नेला नसता. ज्यांना लडाखला एकदाच जायचंय त्यांनी विकत घेण्याआधी लेहमध्ये भाड्याने मिळतो का ते विचारावं. मिळाला तर आधी झाकणाचं रबर बघा आणि बॅटरी मारून आत गंज आहे का ते तपासा.