आयटीआयनंतर कार्य प्रशिक्षण की अप्रेंटिस? दोन्ही करून झाल्यावरचं माझं मत

आयटीआयचा निकाल लागला की आमच्याकडे पोरांचा एकच प्रश्न सुरू होतो, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणचा फॉर्म भरायचा की अप्रेंटिसला जायचं. पहिल्याला सगळे लाडका भाऊच म्हणतात, मीपण पुढं कार्य प्रशिक्षण असंच लिहितो. कार्य प्रशिक्षण म्हणजे राज्य सरकारच्या विद्यावेतनावर एखाद्या ऑफिसात किंवा कारखान्यात काही महिने काम शिकणं, अप्रेंटिस म्हणजे कारखान्यात आपल्या ट्रेडची शिकाऊ उमेदवारी. फॉर्म कुठं भरतात हे तुम्हाला माहीत असणार, महास्वयमवर, म्हणजे राज्याच्या रोजगार पोर्टलवर, नोंदणी नसलेलं पोरगं आता आमच्या चोपडा तालुक्यात शोधून सापडायचं नाही. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. अप्रेंटिसची यादी लागायला वेळ होता म्हणून आधी तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी कार्यालयात कार्य प्रशिक्षण केलं आणि नंतर भुसावळला एका मोठ्या कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस. त्यामुळे जे लिहितोय ते दोन्हीकडं राहून बघितलेलं आहे, पण शेवटी एका माणसाचा अनुभव आहे, तुमच्या नशिबात वेगळं ऑफिस, वेगळे साहेब येऊ शकतात हे आधीच सांगतो.

पैशाचं आधी उरकून टाकू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. कार्य प्रशिक्षणात बारावीवाल्याला 6000, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8000 आणि पदवीधराला 10000 महिना. 2024 ला योजना आली तेव्हा मुदत 6 महिने होती, पुढच्या वर्षी ती 11 केली. अप्रेंटिसमध्ये 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआयवाल्याला कमीत कमी 7000, काही कंपन्या वर देतात, काही एक रुपया वर देत नाहीत. म्हणजे नुसता आकडा धरला तर कार्य प्रशिक्षण पुढं आहे, त्यात ते घराजवळ, रोज संध्याकाळी घरची भाकरी. भुसावळला आम्ही चार पोरांनी मिळून खोली केली होती, भाडं, डबा, शनिवारी यावलमार्गे गावाला यायचं एसटीचं तिकीट, हे सगळं गेल्यावर हातात जे उरायचं ते सांगण्यासारखं नव्हतं. ज्याच्या घरी दर महिन्याला चार पैसे द्यावेच लागतात त्याला हा फरक मोठा आहे, तो मी लहान करून सांगणार नाही.

पण हे 8000 कागदावरचे आहेत आणि हातात येण्याची गोष्ट वेगळी, माझं मत फिरलं ते इथंच.

कार्य प्रशिक्षणाचं विद्यावेतन तुम्ही जिथं काम करता ते ऑफिस देत नाही. ऑफिसनं तुमची हजेरी ऑनलाइन भरायची, ती पुढं जिल्ह्याच्या कौशल्य विकास केंद्राकडं, मग वरून निधी आला की पैसे डीबीटीनं, म्हणजे सरकारकडून थेट, आधार लिंक खात्यावर. ऐकायला छान आहे, मध्ये कोणी खाणारा नाही, ते खरंही आहे. पण मध्ये कोणी उत्तर देणारापण नाही. आमचे पहिल्या महिन्याचे पैसे लांबले तेव्हा वाटलं नवीन आहे, होईल सुरळीत. मग एका महिन्याचे आले आणि त्याच्या आधीच्याचे नाही आले, मग बरेच दिवस काहीच नाही. ऑफिसात विचारलं तर क्लार्क म्हणायचे "भाऊ, आमच्याकडून हजेरी गेली, हे बघ स्क्रीनशॉट." जिल्ह्याला फोन लावला की "वरून निधी आलेला नाही, आला की सगळ्यांचा एकदम पडेल." बँकेत गेलो तर बँकवाले म्हणणार आमच्याकडं आलंच नाही तर आम्ही काय दाखवू. तिघंही खरंच बोलत होते, कोणी आमचं वाईट चिंतत नव्हतं, क्लार्क तर चांगला माणूस, स्वतःच्या खिशातून चहा पाजायचा. पण रोज सकाळी दहाच्या आत पोचून मस्टरवर सही करायची, दिवसभर सांगेल ते काम करायचं, आणि आपल्या कष्टाचे पैसे कुठल्या टेबलावर अडकलेत हे सांगणारा एकही माणूस जिल्ह्यात नाही, हे मला फार लागलं. एसटीचं भाडं घरून मागून न्यायचो. वडील काही बोलायचे नाहीत, पण कापसाला भाव नसलेल्या वर्षी कमावत्या वयाच्या पोरानं कामावर जायला बापाकडं पैसे मागायचे हे बरोबर वाटत नाही ना.

आमच्यासोबतच्या एका पोराचं तर अजून वेगळं झालं. सगळ्यांचे पडले, त्याचेच नाही. यादीत नाव, हजेरी पूर्ण, स्टेटसला पैसे गेले असं दाखवत होतं. खूप हिंडल्यावर कळलं की आधारला त्याचं एक जुनं पेमेंट बँकेचं खातं जोडलेलं होतं, मोबाईल दुकानात नवीन सिम घेताना अंगठा लावला तेव्हा उघडलं गेलेलं, आणि डीबीटीचा पैसा तुम्ही फॉर्ममध्ये कुठलं पासबुक लावलं ते बघत नाही, आधारला शेवटचं जे खातं मॅप झालंय तिथं जातो. ते सिमपण तोपर्यंत बंद. पैसे मिळाले शेवटी, पण केवायसी आणि सिम परत चालू करण्यात त्याचा जीव गेला.

अप्रेंटिसमध्ये स्टायपेंड कारखाना देतो. हाच काय तो फरक, आणि माझ्यासाठी तो सगळ्यात मोठा ठरला. आम्हालापण एकदा उशीर झाला, नाही असं नाही. पण मी जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंग सेक्शनला गेलो, तिथल्या मॅडमनी बिल काढून दाखवलं, कोणाची सही बाकी आहे ते सांगितलं, सोमवारपर्यंत होईल म्हणाल्या आणि झालं. 7000 च होते, पण कोणाला विचारायचं ते माहीत होतं. खाजगी कारखान्यात केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडचा 25 टक्के, जास्तीत जास्त 1500 असा वाटा येतो, तो आता वेगळा डीबीटीनं पडतो, आणि जळगाव एमआयडीसीतला माझा मित्र म्हणतो की तो कधी येईल याचा भरवसा नाही. मग तिथंपण तीच कटकट थोडी आहेच, पण बाकीचे पैसे कंपनीच्या पगारासोबत हातात येतात ना, 8000 च्या 8000 हवेत राहत नाहीत.

आता कामाचं. ऑफिसात मला डाटा एन्ट्री, झेरॉक्स, आवक-जावक, लोकांचे फॉर्म भरून देणं, शिबिर असलं की खुर्च्या लावणं, हे काम. कमीपणाचं म्हणून सांगत नाहीये. सरकारी फाईल कशी फिरते, अर्ज कसा लिहावा, साहेबासमोर कसं बोलावं हे मी तिथंच शिकलो आणि आज उपयोगाला येतं. पण मी इलेक्ट्रिशियन, आणि इतक्या महिन्यांत हातात टेस्टर एकदाच आला, पंखा बंद पडला म्हणून. आयटीआयमध्ये शिकलेलं हातातून जायला लागतं हे तेव्हा जाणवलं.

भुसावळला पहिले काही आठवडे नुसतं उभं राहून बघायचं होतं, हात लावू देत नव्हते. मग एक जुने टेक्निशियन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, त्यांनी एका मोटरच्या स्टार्टरपुढं उभं केलं. मोटर स्टारमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या हलक्या जोडणीत, उचलायची पण डेल्टावर, म्हणजे पूर्ण ताकदीच्या जोडणीवर, जात नव्हती. मी सरळ कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) बदलायला निघालो तर म्हणाले थांब, आधी कान दे. टायमरची वेळ झाल्यावर कॉन्टॅक्टरचा खटका ऐकू यायला पाहिजे, तो येत नव्हता, म्हणजे कॉईलला सप्लायच जात नाही, म्हणजे टायमर बघ. सप्लाय बंद करून टायमर काढला तर आतला कॉन्टॅक्ट जळून काळा पडलेला. दहा मिनिटांचं काम, पण आयटीआयच्या दोन वर्षांत बोर्डावर काढलेली ती आकृती मला त्या दिवशी कळली. आणि आपल्या खान्देशात केळीच्या प्रत्येक बागेत, प्रत्येक ट्यूबवेलवर स्टार्टर आहे, त्यात रात्रीची लाईट. आज गावात कोणाची मोटर उचलत नसली की मला फोन येतो. नोकरीचं व्हायचं तेव्हा होईल, पण त्या कामावर माझा खर्च निघतो. "काम भेटनं का भो" असं पारावर विचारतात तेव्हा आता खाली बघावं लागत नाही.

सगळ्यांना असे काका भेटत नाहीत हेपण सांगतो. माझ्याच बॅचची काही पोरं खाजगी कारखान्यात गेली, तिथं त्यांना अप्रेंटिस म्हणून घेतलं आणि पॅकिंगला उभं केलं, इलेक्ट्रिशियन असून वर्षभर बॉक्सला टेप मारली. करार ट्रेडचा असतो, काम भलतंच. म्हणून अप्रेंटिसला जायचं तर कारखाना बघून जा. आपल्याकडं पर्याय तसे बरे आहेत, भुसावळला रेल्वेची लोको शेड आणि वर्कशॉप, भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, दीपनगरचं वीज केंद्र, शिवाय महावितरण आणि एसटीचे विभाग. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्याहून छोट्या युनिटला ते ऐच्छिक आहे, त्यामुळे छोट्या दाल मिलमध्ये किंवा चटईच्या कारखान्यात जागा निघेलच असं नाही.

कायम करण्याचं विचाराल तर दोन्हीकडं लेखी काहीच नाही. कार्य प्रशिक्षणवाल्यांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली, त्यांच्या मागणीत दुःख खरं आहे, 11 महिने ऑफिस ज्यांच्या जिवावर चाललं त्यांना एक दिवस या नका म्हणायचं म्हणजे काय. पण नोकरीचा हक्क त्यात पहिल्यापासून नव्हता. अप्रेंटिस कायद्यातपण मालकावर नोकरी द्यायची सक्ती नाही. फरक शेवटी हातात येणाऱ्या कागदाचा. कार्य प्रशिक्षणात कामाचं प्रमाणपत्र मिळतं, अप्रेंटिसमध्ये वर्ष संपल्यावर परीक्षा होते आणि पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, आपण एनएसी म्हणतो ते. रेल्वेत अप्रेंटिस करून एनएसी मिळालेल्यांना लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या, भरतीत 20 टक्के जागा राखीव आहेत, परीक्षा द्यावी लागतेच, पण रांग लहान होते. मी इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, एनएसी आहे का. ऑफिसचं सर्टिफिकेट फाईलमध्ये होतं, ते त्यांनी उलटून पुढचं पान बघितलं.

वयाचं विसरू नका, यात पोरं फसतात. कार्य प्रशिक्षण 18 ते 35 पर्यंत घेता येतं. रेल्वेच्या अप्रेंटिसला वय 24 पर्यंतच, ओबीसीला 3 आणि एससी-एसटीला 5 वर्षं सूट. निवड दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर, वेगळी परीक्षा नाही. म्हणजे एक दार लवकर बंद होतं, दुसरं बरंच उघडं राहतं (योजना सरकारनं चालू ठेवली तर). वय बावीस-तेवीस असेल आणि मार्क बरे असतील तर माझ्या मते विचार करण्यासारखंसुद्धा काही उरत नाही.

मग कार्य प्रशिक्षण कोणी घ्यावं? बीए-बीकॉम झालेल्यांनी नक्की विचार करावा. पदवीधराच्या अप्रेंटिसच्या जागा धुळे-नंदुरबारकडं शोधायला गेलं तर कमीच, आणि इकडं 10000 आहेत. आमच्यासोबत एक ताई होत्या, लहान मुलगी घरी, सासू आजारी, त्यांना भुसावळला खोली करून राहा म्हणणं शक्य आहे का? त्यांच्या गावच्या ग्रामपंचायतीत काम मिळालं असतं तर अजून बरं झालं असतं. ऑफिसातलं सगळं ऑनलाइन काम त्या शिकल्या आणि पुढं त्यांना तालुक्यात एका सेतू केंद्रावर काम लागलं. त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. ज्याचं वय निघून गेलंय, किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी गावात राहूनच करायचीय, त्यालापण मी अप्रेंटिसचा आग्रह करणार नाही.

दोन्ही नको, सरळ सुरतला जातो म्हणणारे आहेत, नवापूर-नंदुरबारकडची निम्मी पोरं तिकडंच. पैसा लगेच हातात येतो हे खरं, पण ट्रेडचं काम मिळेल याची खात्री नाही आणि माझा तिथला अनुभव नाही म्हणून जास्त बोलत नाही.

तरी कार्य प्रशिक्षणच घ्यायचं ठरवलं तर फॉर्म भरायच्या आधी आधारला कुठली बँक मॅप आहे ते आधारच्या वेबसाईटवर तपासा, जुनं खातं निघालं तर आपल्या बँकेत जाऊन बदलून घ्या. दर महिन्याला हजेरी पुढं गेली की त्याची प्रत मागून ठेवा, लाजू नका, पुढं तक्रार करायची वेळ आली तर हातात तेवढंच असतं. आणि आयटीआयवाले असाल तर सरकारी ऑफिसऐवजी एखाद्या कारखान्याची जागा पोर्टलवर दिसते का ते बघा, योजनेत खाजगी आस्थापनापण आहेत, पैसे तसेच उशिरा येतील पण हातात टेस्टर तरी राहील.